ओळख पटवताना

मराठीत 'ओळख पटणे' आणि 'ओळख पटवणे' अशी दोन क्रियापदे आहेत. पहिल्यात कर्ता जवळजवळ नसतोच. समोरच्याकडे पाहता पाहता आत काहीतरी जुळते आणि ओळख पटते. दुसरे क्रियापद प्रयोजक आहे. तिथे कुणाला तरी खटाटोप करावा लागतो, पुरावे गोळा करावे लागतात, आणि एवढे करून पटायचे की नाही हे दुसऱ्याच्याच हाती राहते. व्याकरणाच्या तासाला हा भेद मी अनेक वर्षे शिकवत आले आहे. फळ्यावर 'बसणे-बसवणे', 'पटणे-पटवणे' अशा जोड्या लिहायच्या, खाली रेघ ओढायची आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. २०२४ च्या जुलैमध्ये मात्र या प्रयोजक रूपात मला सलग एकोणीस दिवस राहावे लागले.

निमित्त तसे किरकोळ होते. एस.टी. स्थानकावर गाडीत चढताना झालेल्या रेटारेटीत कुणीतरी माझ्या पर्सची चेन उघडून मोबाइल काढून घेतला. मोबाइल ही काही अमूल्य वस्तू नव्हे. गेला तर दुसरा घेता येतो. पण माझ्या ई-मेलच्या खात्याची किल्ली त्या मोबाइलमध्ये होती, आणि खात्यात २००६ पासूनचा पत्रव्यवहार, विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांचे कच्चे खर्डे, आणि मुख्य म्हणजे माझ्या मावशीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

या ओव्यांविषयी थोडे सांगायला हवे. मावशी माण तालुक्यातल्या एका गावात नांदली. २०१३ ते २०१८ या काळात सुट्टीत जमेल तेव्हा तिच्याकडे जाऊन मी तिच्या ओव्यांची त्रेचाळीस ध्वनिमुद्रणे केली. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या सागरापुढे माझा संग्रह ओंजळभरसुद्धा नाही. पण तो माझ्या आईच्या माहेरचा आवाज होता. ध्वनिमुद्रणांची एक प्रत सांगलीला मावसभावाच्या संगणकावर होती. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्याच्या घरात पाणी शिरले आणि संगणकासह ती गेली. २०२१ मध्ये मावशी गेली. उरली ती फक्त खात्यातली प्रत, आणि तिच्या दारावर आता कुणीतरी मला विचारत होते : आपण कोण?

पहिले दार पोलीस ठाण्याचे. १ जुलैपासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. चोरीचे कलम ३७९ होते, ते ३०३ झाले होते, आणि ठाणे अंमलदारांच्या टेबलावर नव्या-जुन्या कलमांचा तक्ता काचेखाली सरकवलेला होता. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि अतिशय सौजन्याने एक सुधारणा सुचवली. 'मॅडम, चोरीला गेला असं नका लिहू. गहाळ झाला असं लिहा. दाखला लगेच मिळेल.' भाषेच्या शिक्षकाला यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. 'चोरीला गेला' या शब्दप्रयोगात चोर निदान सावलीसारखा तरी उभा असतो. 'गहाळ झाला' म्हटले की तोही नाहीसा होतो. वस्तू आपणहून विरघळून गेल्यासारखी वाटते. मी 'चोरीला गेला' असेच ठेवले आणि त्यापायी अडीच तास बाकावर बसले. मोबाइलच्या खोक्यावरून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक उतरवून घेतला होता. तक्रारीची प्रत हाती आल्यावर सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तो क्रमांक नोंदवून मोबाइल बंद पाडता आला. २०२३ च्या मेपासून ही सोय देशभर आहे, आणि ती चांगली आहे.

दुसरे दार सिमकार्डाचे. आधारचा क्रमांक, अंगठ्याचा ठसा, दुकानदाराने काढलेला फोटो असे सोपस्कार होऊन जुनाच नंबर नव्या कार्डावर मिळाला. परंतु नवे कार्ड सुरू झाल्यापासून चोवीस तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून त्याची बँक लुटणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हा नियम आहे. माझा नंबर माझाच होता, पण एक दिवस त्याला विटाळ धरल्यासारखे बाजूला बसवले होते. तेही ठीक.

तिसऱ्या दाराशी मात्र मी अडले. माझ्या खात्याला संकेतशब्द पुरत नव्हता. त्याच्या जोडीला मोबाइलमधल्या एका अॅपवर दर तीस सेकंदांनी बदलणारी सहा अंकी संख्या लागत असे. या संख्येमागची युक्ती सुंदर आहे. खाते जोडताना कंपनी आणि मोबाइल एक गुपित वाटून घेतात. पुढे दोघेही ते गुपित आणि त्या क्षणाची वेळ यांवरून गणित करतात आणि एकाच उत्तराला पोचतात. एकमेकांशी बोलावे लागत नाही, नेटवर्कही लागत नाही. दोघांकडे एकच गुपित आणि एकच घड्याळ असले की झाले. या पद्धतीचा मानक मसुदा २०११ साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभर ती वापरात आहे. सिम परत मिळाल्याने माझा नंबर परत आला. गुपित मात्र चोरीच्या मोबाइलमध्येच राहिले. शिवाय चोरीनंतर कुणीतरी खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला असावा, कारण घरच्या संगणकावर उघडे असलेले खातेही कंपनीने सावधगिरी म्हणून बंद केले होते. पुन्हा उघडू गेले की पडद्यावर सूचना येई : तुमच्या मोबाइलवरची संख्या येथे लिहा. म्हणजे त्या घडीला, यंत्राच्या दृष्टीने, मी असण्याचा अधिकार माझ्यापेक्षा चोराकडे अधिक होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या ठिकाणी शाकुंतल आठवल्यावाचून राहणार नाही. दुर्वासाचा शाप आणि त्यावरचा उःशाप यांचा विचार केला तर ती एक अटच आहे : खुणेचा अलंकार दिसला तरच राजाला स्मरण होईल. शचीतीर्थाला वंदन करताना अंगठी पाण्यात पडते आणि पाचव्या अंकात शकुंतला दरबारात उभी राहते तेव्हा तिचे बोट रिकामे असते. मग ती दुसरा पुरावा देऊ पाहते. दीर्घापांग नावाचे हरणाचे पाडस राजाच्या हातून पाणी प्याले नव्हते, तिच्या हातून प्याले होते, तेव्हा राजा हसला होता, ही आठवण ती त्याला सांगते. दोघांखेरीज कुणालाही ठाऊक नसलेली ही गोष्ट आहे. पण ती ऐकूनही दुष्यंत ढिम्म राहतो, उलट स्त्रियांच्या उपजत चातुर्याविषयी चार शब्द ऐकवतो. अनेक वर्षे मी हा प्रसंग करुणरसाच्या अंगाने शिकवला. आता त्याची दुसरी बाजू जाणवते. गुपित हा पुरावा होण्यासाठी ते दोन्हीकडे जिवंत असावे लागते. एका बाजूची स्मृती पुसली गेली की दुसरीकडचे खरे गुपित आणि रचलेली गोष्ट यांत काहीच फरक राहत नाही. आणि ती अंगठी? ती रोह्या माशाच्या पोटातून एका कोळ्याच्या हाती लागते. त्याच्या हातात ती चोरीचा पुरावा ठरते. शिपाई त्याला बांधून नेतात. वस्तू तीच, पण कुणाच्या हाती यावर तिचा अर्थ पालटतो.

वाल्मीकींच्या सुंदरकांडात हीच देवघेव किती नीट पार पडते पाहा. अशोकवनात सीता हनुमंतावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. रूपे पालटणाऱ्या राक्षसांच्या गावात तिने ठेवावा तरी कसा? ती रामाच्या अंगावरच्या खुणा विचारते, तो सांगतो. त्यानंतर तो रामनामांकित अंगठी पुढे करतो. परतीच्या निरोपात ती चूडामणी देते, आणि त्याच्या जोडीने चित्रकूटावरची कावळ्याची हकीगत सांगते, जी रामाला आणि तिलाच माहीत आहे. संगणकाच्या सुरक्षेची पुस्तके ओळखीच्या पुराव्यांचे तीन वर्ग सांगतात : तुमच्या जवळ असलेली वस्तू, तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट आणि तुमचे शरीर. अंगठी, कावळ्याची कथा आणि अंगावरच्या खुणा हे तीनही या एका कांडात आहेत. पण तिथे पलीकडे राम आहे, आणि त्याला सारे आठवते आहे. चूडामणी हातात घेताच तो रडतो. ओळख इथे पटते; पटवावी लागत नाही.

माझ्या पलीकडे राम नव्हता, तसा शापभ्रष्ट दुष्यंतही नव्हता. एक प्रश्नावली होती. शेवटचा आठवणारा संकेतशब्द कोणता? खाते कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात उघडले? पहिल्या प्रयत्नानंतर उत्तर आले : 'तुम्हीच या खात्याचे मालक आहात याची खात्री पटू शकली नाही.' कुणाची खात्री, हे त्या वाक्यात कुठेच नव्हते. पोलीस ठाण्यातल्या 'गहाळ'सारखेच हेही वाक्य. करणारा कुणी नाही. दाद मागायची तर माणूस नाही, नंबर नाही, पत्ता नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांना आपण नावे ठेवतो, पण तिथे निदान 'साहेब जेवायला गेलेत' असे सांगणारा शिपाई तरी असतो.

या दिवसांत राग येई, तेव्हा मी स्वतःला तोतयाची आठवण करून देत असे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला. १७७६ साली कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात गेले, माणसे त्याच्या बाजूला गेली, आणि त्याच वर्षी त्याला पकडून पुण्यात देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच विषयावर आहे. लोकांनी त्याला भाऊ मानले, कारण भाऊ परत यावेत असे लोकांना मनापासून वाटत होते. ओळख 'पटते' तेव्हा पाहणाऱ्याची इच्छाही त्यात मिसळलेली असते. यंत्राला अशी कोणतीही इच्छा नसते. मी परत यावे असे त्याला वाटत नव्हते, तसेच चोराने आत शिरावे असेही वाटत नव्हते. त्याने मला सहज आत घेतले असते, तर उद्या माझे नाव घेऊन आलेल्या कुणालाही घेतले असते. हे मला कळत होते. मात्र कळल्याने वळत नव्हते, कारण आत मावशीचा आवाज होता.

आणि इथे एक विलक्षण योग आहे. याच मावशीची ओळख एका यंत्राला कधी पटली नव्हती. रेशन दुकानात अंगठा लावायचे यंत्र आले तेव्हा तिचा ठसा उठेना. उभा जन्म जात्याचा खुंटा, खुरपे आणि सरपण यांत गेलेला. बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दुकानदार गावातलाच, तिच्या मांडीवर खेळलेला. तो म्हणे, 'मावशे, मला म्हायतीय गं तू कोन हायेस ते, पन ह्याला कुटं म्हायतीय!' दर महिन्याला तेल लावून, पुसून, दहाही बोटे टेकवून पाहायची. मावशी हसून म्हणे, 'जात्यानं घेतल्या माज्या रेघा.' ज्या दळणाने तिच्या बोटांवरची ओळख पुसली, त्याच दळणातून तिचा आवाज तयार झाला होता. शरीराची खूण कधी मिटत नाही, असे सुरक्षेच्या पुस्तकांत गृहीत असते. ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी जाते ओढलेले नसते.

दरम्यान बँकेचे व्यवहारही अडले होते. बँकेच्या दूरध्वनीवरच्या मुलीने विचारले, 'मॅम, आईचं लग्नाआधीचं आडनाव?' हा प्रश्न बँका जगभर विचारत आल्या आहेत. तो सुरक्षित मानला गेला याचे कारण उघड आहे : लग्नानंतर बाईचे माहेरचे नाव जग विसरते, म्हणून ते गुपित म्हणून वापरता येते. आपल्याकडे तर कित्येक घरांत पहिले नावही राहत नसे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहायचे, आणि जुने नाव माहेरच्या माणसांपुरते उरायचे. एका अंगठीने शकुंतलेची ओळख परत मिळाली, दुसरीने किती जणींची तांदळात पुसली गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यातही आईचे नाव तेवढे आले. माहेरचे आडनाव बँकेच्या प्रश्नापुरतेच राहिले. मी ते उच्चारले. मावशीचे, आईचे, दोघींचेही ते मूळ आडनाव. ते मोठ्याने म्हणण्याची वेळ मला कित्येक वर्षांत आली नव्हती. पलीकडून उत्तर आले, 'थँक यू मॅम, व्हेरिफाय झालंय.' ओव्यांमधून माहेरचे जे गणगोत शेकडो वेळा नावानिशी येते, त्याचा आधुनिक जगातला उपयोग हा एवढा.

ई-मेलचे खाते अखेर कसे उघडले, ते सांगते. तज्ज्ञ मंडळींचा सल्ला असा असतो की असा अर्ज नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या संगणकावरून करावा, कारण यंत्र आपल्या जागेची आणि साधनांची खूणगाठ बांधून ठेवते. हे वाचल्यावर मला मावशीचे गाव आठवले. तिथे पारावरची म्हातारी माणसे नाव विचारत नाहीत. 'कोनाची गं तू?' असे विचारतात. कुणाच्या घरी उतरलीस, कोणत्या वाटेने आलीस, यावरून ती माणूस ठरवतात. तेव्हा मी घरच्या जुन्या संगणकावर, रोजच्या टेबलाशी बसले. प्रश्न उरला तो खाते उघडल्याच्या महिन्याचा. तो माझ्या डोक्यात नव्हता. तो असण्याचे काही कारणही नव्हते.

तो सापडला आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे. सर आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी आयुष्यात एकही पत्र फाडलेले नाही, आणि एकही ई-मेल पुसलेली नाही. त्यांच्या खात्यात खोल खाली माझी पहिली ई-मेल निघाली : ऑगस्ट २००६, एका चर्चासत्राचा निबंध सोबत जोडलेला, आणि वर 'सर, हे नवीन खाते आजच उघडले आहे, पोचले का ते कळवावे' असे वाक्य. महाभारतातल्या मूळ आख्यानात अंगठी नाही, शापही नाही. तिथे दुष्यंताला सारे आठवत असते, पण लोकांचा विश्वास बसावा म्हणून तो नाकारतो, आणि आकाशवाणी साक्ष देते तेव्हा स्वीकारतो. ती आकाशवाणी मला पूर्वी कथानकातली सोय वाटायची. आता वाटते, महाभारतकाराला ठाऊक होते की दोघांमधले सत्य दोघांपुरते राहिले तर दरबारात टिकत नाही, तिसरा लागतो. माझी आकाशवाणी दूरध्वनीवरून खोकत खोकत म्हणाली, 'अहो, ऑगस्टची सतरा तारीख. पोचले म्हणून मी कळवलंही होतं.'

महिना आणि वर्ष लिहिले. जुना संकेतशब्द लिहिला. छाननीला तीन दिवस लागतील असे उत्तर आले, आणि चौथ्या दिवशी, म्हणजे चोरीनंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी, खाते उघडले. त्रेचाळीस ध्वनिमुद्रणे जागच्या जागी होती. सतरावे मी आधी लावले. त्यात सुरुवातीला जात्याची घरघर आहे, मग ती थांबते, आणि मावशी विचारते, 'झालं का गं चालू तुजं? आईकतंय का त्ये?' आणि माझा, अकरा वर्षांपूर्वीचा आवाज : 'ऐकतंय, म्हण तू.'

पुढचे काम कोरडे आहे. आणीबाणीसाठी कंपनी देते त्या दहा संख्या कागदावर छापून मी कपाटात, जमिनीच्या उताऱ्याशेजारी ठेवल्या. ध्वनिमुद्रणांच्या तीन प्रती केल्या. एक मावसभावाकडे, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक सरांकडे. सरांकडची कधीच पुसली जाणार नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या दोन विद्यार्थिनी आता त्या ओव्या ऐकून लिहून काढत आहेत. एक माणचीच आहे. परवा ती वही घेऊन आली. नवव्या ध्वनिमुद्रणातला एक शब्द मी दोनदा ऐकला, मला लागला नाही. तिने तो घरी आजीला ऐकवला होता. आजीने शब्द तर सांगितलाच, वर विचारले, 'ही बाई आमच्याकडचीच दिसती. कोनाची गं?'